अंतराचे अणुविज्ञान

जैतापूरच्या नियोजित ९,९०० मेगावॅट अणुप्रकल्पावर मोबाइलवरून झडणाऱ्या चर्चेने विज्ञानाला नवा नियम दिला, त्याचे स्वागत असो: अणुऊर्जेचे ज्ञान अणुभट्टीपासूनच्या अंतराच्या समप्रमाणात वाढते. कोथरूडच्या गॅलरीतून सहाही नियोजित अणुभट्ट्या निर्धोक दिसतात. दादरच्या वातानुकूलित खोलीतून विरोध करणाऱ्यांना चंद्रपूरच्या कोळशाची राख दिसत नाही. फ्रान्समधल्या अणुभट्टी-विक्रेत्यांना तर शंकाच उरत नाही, अंतरच तेवढे!

उरले प्रकल्पाशेजारच्या माडबन-साखरीनाट्याचे ग्रामस्थ. ऐन कुंपणाशी राहिल्याने त्यांचे भौतिकशास्त्र कच्चे राहिले. समुद्रात सोडायच्या गरम पाण्याने मासळीचे काय होणार, असले बालिश प्रश्न ते विचारतात.

उपाय सोपा आहे. जमीन संपादन झालेच आहे, आता माणसेही शंभर कोस हलवावीत. जनसुनावणी मग फ्रान्समध्येच घ्यावी. हरकत एकही येणार नाही.