टोळीत शिरू इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना

नाव बदलून टोळीत शिरायचे, दोन-चार गाड्या उडवायच्या आणि मध्यंतरानंतर म्होरक्याला गच्चीवरून लोंबकळत ठेवायचे, एवढ्याच तयारीनिशी या पेशात उतरू पाहणाऱ्या उमेदवाराने आधी जोसेफ पिस्टोन यांची नोकरी नीट अभ्यासावी. एफबीआयचे हे अधिकारी १९७६ साली ‘डॉनी ब्रास्को’ होऊन न्यूयॉर्कच्या माफियात शिरले. काम सहा महिन्यांचे ठरले होते. ते १९८१ पर्यंत चालले.

आधी धंदा निवडावा. पिस्टोन यांनी दागिने चोरणारा होणे पसंत केले. असा चोर एकटा काम करतो आणि त्याला कुणाचे डोके फोडून लायकी सिद्ध करावी लागत नाही. मात्र त्यासाठी त्यांनी रत्नपारखीचे रीतसर शिक्षण घेतले. उमेदवाराने याचा कंटाळा करू नये. काचेला हिरा म्हणणाऱ्याचे उरलेले शिक्षण टोळीच पूर्ण करते. इकडे कार्यालयाने त्यांचे टेबल रिकामे केले, फाइल हलवली. या नावाचे इथे कुणी नाही, असे चौकशी करणाऱ्याला सांगायचे ठरले.

यानंतर बसावे. सिनेमात या टप्प्याला जागा नसते, कारण त्यात काहीच घडत नाही. मॅनहॅटनमधल्या ‘कार्मेलोज’ या रेस्तराँमध्ये पिस्टोन नुसते येऊन बसत. आपणहून ओळख काढायची नाही आणि प्रश्न तर मुळीच विचारायचा नाही. ‘काय करता आपण?’ हा एसटीत शेजारी बसल्याबसल्या विचारला जाणारा प्रश्न माफियात जिवावर बेतू शकतो. अखेर ओळख जमली ती बॅकगॅमनच्या पटावर. ज्याला पट मांडता येत नाही, त्याने पिस्तूल चालवायला शिकून फारसा उपयोग नाही.

गुरू मात्र भेटेल तसा पत्करावा. पिस्टोन यांना बोनानो टोळीतला बेंजामिन ‘लेफ्टी’ रुजेरो भेटला. लेफ्टी जुगारी, त्यामुळे गुरुदक्षिणा रोखीतच. टोळीत मान असतो तो कमावत्या माणसाला, आणि कमाईतला वाटा वर पोचवल्यावरच.

थापही जपून मारावी. फ्लोरिडात डॉनीने लेफ्टीला एका आलिशान बोटीवर फिरवून आणले. पुढे एफबीआयच्याच ‘ॲबस्कॅम’ या दुसऱ्या सापळ्याची बातमी फुटली आणि लेफ्टीला मासिकात त्याच बोटीचे छायाचित्र दिसले. सरकारी बोट दोन मोहिमांत वापरून काटकसर साधली होती खरी. तिची किंमत डॉनीला जागच्या जागी चुकवावी लागली. त्याने वेळ मारून नेली. उमेदवाराने या बाबतीत लेखाविभागाशी आधीच बोलून ठेवावे.

बढती ही या पेशातली सर्वांत मोठी अडचण. मे १९८१ मध्ये बोनानो टोळीतल्या भांडणात तीन पुढारी मारले गेले. त्यानंतर लेफ्टीचा वरिष्ठ डॉमिनिक ‘सॉनी ब्लॅक’ नापोलितानो याने, मारल्या गेलेल्यांपैकी एकाचा मुलगा ब्रूनो इंडेलिकातो याला संपवण्याचे काम डॉनीवर सोपवले. ते झाले की तो टोळीचा रीतसर सदस्य. एवढ्या चांगल्या गोपनीय अहवालावर जुलैत एफबीआयने त्याला बाहेर काढले. डॉनी कोण, हे सॉनी ब्लॅकला एफबीआयच्याच माणसांनी छायाचित्र दाखवून सांगितले. सॉनी ब्लॅक त्याच ऑगस्टमध्ये मारला गेला. शेवटच्या बैठकीला जाताना आपल्या कबुतरांची निगा राखली जावी म्हणून त्याने घराच्या किल्ल्या दारूच्या गुत्त्यावरच्या माणसाकडे दिल्या होत्या. नियमपुस्तिकांत अशा प्रसंगासाठी कलम नसते.

आता मोबदला. पिस्टोन यांच्या कामामुळे २०० हून अधिक जणांवर आरोपपत्रे ठेवली गेली, १०० हून अधिक दोषी ठरले. एफबीआयने बक्षीस दिले ५०० डॉलर. माफियाने त्यांच्या डोक्यावर लावले ५ लाख. आपली खरी किंमत कोणी ओळखली, याचा हिशेब उमेदवाराने कुटुंबीयांना दाखवू नये. पिस्टोन यांच्या पत्नी आणि तिन्ही मुलींनी ही वर्षे बहुतांशी त्यांच्याशिवायच काढली.

टोळीचेही अगदीच वाईट झाले नाही. घरात पोलीस शिरू दिला म्हणून माफियाच्या मध्यवर्ती मंडळाने बोनानो टोळीला बाहेर काढले. मग त्या मंडळावर मोठा खटला भरला गेला आणि १९८६ मध्ये इतर टोळ्यांचे प्रमुख शिक्षेस पात्र ठरले, तेव्हा आरोपींच्या पिंजऱ्यात बोनानोचा प्रमुख नव्हता. त्याला वेगळ्या खटल्यात, वेगळ्या तारखा मिळाल्या.