संबोधनराव

आमच्या विभागप्रमुखांना ऑफिसात पाठीमागे 'संबोधनराव' म्हणतात. माणूस सालस. कुणाला दुखवायचं नाही हे त्यांचं व्रत, आणि त्यापायीच बैठकीत उभे राहिले की तोंडातून पहिला शब्द फुटायला दोन मिनिटं लागतात.

पूर्वी असं नव्हतं. तेव्हा खुशाल 'हॅलो गाईज' म्हणायचे. मग नव्याने लागलेल्या एका मुलीने शांतपणे विचारलं, "सर, आम्ही नऊजणी आणि पुरुष पाच. तुम्ही नेमकं कुणाशी बोलताय?" साहेबांनी बोटाने मोजलं. खरंच नऊ भरल्या. त्या दिवशी विषयपत्रिका तशीच घडीत राहिली.

पुढच्या सोमवारी 'बंधुभगिनींनो' झालं. विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ला शिकागोत भगिनींना आधी घेतलं होतं, असं कुणीतरी कानावर घातलं, म्हणून मंगळवारी 'भगिनी-बंधूंनो'. पण समोर बसलेल्या दोघांचा रविवारीच साखरपुडा झालेला. त्यांनी एकमेकांकडे असं काही पाहिलं, की बुधवारी नातीगोती बंद. 'सहकाऱ्यांनो' म्हटलं तर संप पुकारल्यासारखं वाटलं. 'सभ्य स्त्री-पुरुषहो'वर लेखा विभागातून पृच्छा आली, "बाकीच्यांनी बाहेर थांबायचं का?" आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तिसऱ्या लिंगालाही मान्यता दिली आहे, तेव्हा जोडीचे शब्द मुळातच अपुरे, ही आठवण एचआरने दिली. मुद्दा बिनतोड होता. साहेबांनी वहीतलं अर्धं पान खोडलं.

उरला 'मंडळी'. सुटसुटीत, घरगुती, सगळ्यांना पोटात घेणारा. साहेबांनी तो इतक्या प्रेमाने उच्चारला, की निवृत्तीला आलेले आमचे हेडक्लार्क खुदकन हसले. त्यांच्या पिढीत 'आमची मंडळी' म्हणजे बायको! साहेबांची नजर चौदा चेहऱ्यांवरून फिरली आणि ते घाम पुसत खाली बसले.

खरं तर मराठीने सोय केव्हाच करून ठेवली आहे. ते दोघे, त्या दोघी आणि मिसळीचा मामला असला तर ती दोघं. मी साहेबांना हे सांगितलं, तर ते शाळकरी पोरासारखे खुलले. दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडले, "सगळी आली का?" लेखा विभाग म्हणाला, "आली, डबेसुद्धा आणलेत. सहल कुठे न्यायची?"

त्यानंतर साहेबांनी हाक मारणंच सोडलं. परवा त्यांच्या हातची सूचना फलकावर लागली : 'दुपारी ४ वाजता बैठक योजिली आहे. तरी अगत्य येण्याचे करावे.' कर्ता नाही, लिंग नाही, वचन नाही. लग्नपत्रिकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं वाक्य, कुणाच्या बापाची हरकत नाही. (आईचीही नाही. मीही आता सावध असतो.)

जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी त्याखाली पेन्सिलीने लिहिलं : 'आपली उपस्थिती हाच आहेर.'

चार वाजता चौदाच्या चौदा जण हजर होती. नऊजणींपैकी एकीने पेढेसुद्धा आणले होते.