पारशिवनीचा समुद्रपालक

समुद्रपालक म्हणजे असा गृहस्थ, जो समुद्रापासून शक्य तितक्या लांब राहतो आणि तरीही, किंवा बहुधा त्यामुळेच, दिवाणखान्यात स्वतःच्या मालकीचा एक समुद्र बांधून तो जिवंत ठेवण्याच्या खटाटोपात उरलेले आयुष्य घालवतो. ही जात किनाऱ्यावर क्वचितच आढळते; मालवणच्या माणसाला समुद्र घरात आणण्याची हौस नसते, कारण पावसाळ्यात तो न बोलावताच अंगणाची चौकशी करून जातो. या जातीच्या अभ्यासासाठी नागपूर जिल्ह्यातले पारशिवनी हे ठिकाण फार सोयीचे आहे, कारण एका अंगाला पेंचचे जंगल, दुसऱ्या अंगाला कन्हानकडच्या कोळसा खाणी आणि मध्ये कापूस, धान, मिरचीची वावरे असलेल्या या तालुक्याला अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर हे दोन्ही जवळजवळ सारखेच गैरसोयीचे आहेत, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढत असल्यामुळे ज्या प्राण्यांना २५ ते २७ अंशांचे पाणी लागते त्यांना येथे आणण्याचा विचार साध्या माणसाच्या मनात येणेच शक्य नाही.

समुद्रपालक अर्थातच साधा माणूस नसतो. तो क्वचित ठेकेदार असतो, क्वचित डॉक्टर असतो. पण त्याचा अस्सल नमुना खते, बियाणे आणि कीटकनाशके विकणाऱ्या कृषी केंद्राच्या गल्ल्यावर सापडतो. वय पन्नाशीच्या आगेमागे, मुले पुण्याला शिकायला, जुने कौलारू घर पाडून त्या जागी दुमजली स्लॅबचे घर उभे, आणि त्या घरात झुंबर, पीओपीचे छत, शोकेस इत्यादी सर्व काही येऊन गेल्यावर शेजाऱ्याकडेही नेमके तेच आहे हा विदारक शोध लागलेला, अशा नाजूक मनःस्थितीत तो सहकुटुंब कोकणच्या सहलीला जातो. १९८७ साली जाहीर झालेल्या, जेमतेम २९ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात कुणीतरी त्याच्या तोंडात श्वासनळी देऊन त्याचे डोके पाण्याखाली दाबते, आणि ते वर येते तेव्हा त्यात दुसरा विषय शिल्लक राहिलेला नसतो.

येथे हे सांगितले पाहिजे की हा रोग नवा नाही. फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाचे मत्स्यालयावरचे पुस्तक १८५४ साली लंडनमध्ये निघाले आणि पाहता पाहता तिथल्या मध्यमवर्गाने आपल्या बैठकीच्या खोल्या समुद्री प्राण्यांनी भरून टाकल्या. आपल्याकडे १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि शालेय सहलींच्या कित्येक पिढ्या त्याच्या काचांना नाके लावून परतल्या. मात्र पारशिवनीचा समुद्रपालक नुसत्या माशांवर भागवत नाही. त्याला हवा असतो ‘रीफ टँक’, म्हणजे प्रवाळभित्तीचा अख्खा संसार, ज्यात खडक, त्या खडकांवर वाढणारे प्रवाळ व त्यांचे भाईबंद, त्यांच्या आधाराने राहणारे मासे, गोगलगायी व खेकडे, आणि या सर्वांची घाण पचवणारे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू हे सगळे एकाच पाण्यात नांदतात. प्रवाळ हा दगड वाटला तरी प्राणी आहे, त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून घरमालकाला त्यातला मोठा हिस्सा देते, आणि त्या बळावर प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम ओढून आपला चुनखडीचा सांगाडा रचतो, ही माहिती समुद्रपालक वर्षभरात गावातल्या प्रत्येक माणसाला किमान एकदा सांगतो. उधारी बाकी असलेल्यांना ती अनेकदा ऐकावी लागते.

बांधकामाचा टप्पा हा या गृहस्थाच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा काळ होय, कारण त्यात अद्याप काहीही जिवंत नसते. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी टाकी ठरते; तिच्यात सुमारे १,४०० लिटर पाणी मावते, म्हणजे काच, खडक आणि लोखंडी घोडा बाजूला ठेवला तरी नुसत्या खाऱ्या पाण्याचेच जवळपास दीड टन वजन स्लॅबच्या एका कोपऱ्यावर येणार, हे ऐकून घराचा मिस्त्री डोक्यावरचा दुपट्टा सोडून पुन्हा बांधतो आणि नम्रपणे सुचवतो, “भाऊ, एवढी मोठी टाकी पायजे तं गच्चीवर सिमेंटची बांधून देतो ना, सस्त्यात होईल.” पाऊण इंच जाडीची, प्रत्येकी पाऊणशे किलोंच्या वर भरणारी काचेची मोठी पाने आमडी फाट्यावरून सावकाश येतात, आणि मग उघडकीस येते की टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, पाडू गेल्यास ती एका क्षणात चुरा होते, त्यामुळे पाण्याच्या वाटा आधीच ठरवायला हव्या होत्या. टाकीच्या खाली ‘संप’ म्हणजे दुसरी लहान टाकी असते; वरचे पाणी ओसंडून तिच्यात उतरते, तिथे हवेच्या बारीक बुडबुड्यांचा फेस तयार करून त्याला चिकटलेली घाण बाहेर काढणारे यंत्र असते, आणि तिथून पंप ते पाणी पुन्हा वर चढवतो. पंप बंद पडला की नळीतून वरचे पाणी उलट्या दिशेने खाली येते, म्हणून संपात रिकामी जागा ठेवावी लागते. ही जागा कमी ठेवणाऱ्या समुद्रपालकाला पहिल्याच वीज-खंडनात सोफ्याच्या पायांशी भरती कशी येते हे पाहायला मिळते.

पाण्याचे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे असते. बोअरचे पाणी चालत नाही, नळाचे चालत नाही. ‘आरओ’ म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने गाळलेले आणि त्यावर पुन्हा क्षारमुक्त केलेले पाणीच लागते, त्यामुळे घरातली माणसे नळाचे पाणी पितात आणि लग्नसमारंभात पाहुण्यांसाठी राखून ठेवतात त्या दर्जाचे पाणी माशांना मिळते. या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने मीठ घालायचे म्हणजे सिमेंटच्या एका गोणीएवढे, सुमारे ५० किलो मीठ लागते, आणि इथे किराणा दुकानदाराच्या आशा पालवतात; पण स्वयंपाकाचे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड, तर समुद्राच्या क्षारांत ते साधारण ८५ टक्केच असून उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असा मोठा गोतावळा असल्यामुळे मीठसुद्धा खास तयार केलेले आणावे लागते. जिथे मिठाचा सत्याग्रह झाला त्या देशात मीठ एवढे महाग कसे, हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हमखास विचारला जातो आणि त्याला उत्तर दिले जात नाही.

टाकी भरते, निळसर दिवे लागतात, आणि गाव मासे पाहायला लोटते. पण मासे नसतात. खडकांवर पुरेसे जिवाणू वाढून त्यांनी अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करायला शिकेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, त्या पाण्यात मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे होय. या काळात काचांवर तपकिरी शेवाळाचा थर चढतो, समुद्रपालक भिंग घेऊन त्याचे कौतुक करतो, आणि चहा संपवून उठलेले पाहुणे दारात चपला घालताना हळूच विचारतात, “गोटेच पायाले बोलावलं होतं का जी?”

याच टप्प्यावर समुद्रपालकाच्या चरित्रातली मुख्य विसंगती उघडी पडते. रीफ टँकचे दोन वैरी म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. त्यांचे प्रमाण वाढले की शेवाळ माजते आणि प्रवाळवर्गाचा जीव गुदमरतो, म्हणून फॉस्फेट दहा लाख भागांत ०.१ भागाच्याही खाली ठेवण्याची शिकस्त करावी लागते. आता हा गृहस्थ दिवसभर जे विकतो त्या डीएपी खताच्या गोणीत अमोनिया आणि फॉस्फेट यांखेरीज फारसे काही नसते. सकाळी दहापासून तो शेतकऱ्याला एकरी एक गोणी जास्त टाकण्याचा सल्ला देतो आणि रात्री दुकानाचे शटर ओढून झाल्यावर तीच द्रव्ये थेंबाथेंबाने मोजत, परीक्षानळीतल्या निळ्या रंगाची छटा कार्डावरच्या रंगाशी ताडून पाहत, स्वतःच्या पाण्यातून हद्दपार करीत बसतो. एखादा जुना गिऱ्हाईक हे पाहून भाबडेपणाने म्हणतो, “भाऊ, दिवसभर आमाले डीएपी इकता अन् रातभर तेच टाकीतून काढता, मंग हे काढलेलं पाणी आमच्या वावरातच सोडून द्या ना.” सूचना तर्कशुद्ध असली तरी त्या पाण्यातल्या मिठाने वावर नापीक होईल हे समुद्रपालकाला समजावून सांगावे लागते, आणि समजावता समजावता, खत जमिनीत मुरून संपत नाही, पावसासोबत नाल्यात, नाल्यातून नदीत जाते आणि तिथेही शेवाळच माजवते, हे त्याच्या स्वतःच्याच तोंडून निघून जाते. असे म्हणतात की कृषी विभागाच्या मेळाव्यांतही जो सल्ला कानावर पडून वाया जातो, तो माती परीक्षण करून घेण्याचा सल्ला या प्रसंगानंतर समुद्रपालक आपणहून देऊ लागतो. विक्री थोडी घटते, पण ती हानी तो समुद्राच्या खाती टाकतो.

मे महिना हा या संप्रदायाचा कसोटीचा काळ. पाणी थंड करणारे ‘चिलर’ यंत्र पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडते, ती खोली थंड करायला एसी लागतो, वीज गेली की दोघेही थांबतात, आणि मग इन्व्हर्टरवर काय चालवायचे, आजीचा पंखा की प्रवाळांचा पंप, असा धर्मसंकटाचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी कुणीतरी म्हातारा माणूस वाळ्याच्या ताटीची आठवण काढतो. त्याला हसण्याचे कारण नाही, कारण उष्णतेचा हिशेब त्याच्याच बाजूने आहे: टाकीवर पंखा लावला आणि एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले, तर उरलेला १,४०० लिटरचा समुद्र सुमारे ०.४ अंशाने निवतो, आणि विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी उडायला वेळ लागत नाही. मात्र पाणी उडते, मीठ उडत नाही. त्यामुळे उडालेल्या पाण्याची भरपाई रोज गोड पाण्याने करावी लागते, अन्यथा पारशिवनीचा समुद्र आठवड्याभरात खऱ्या समुद्रापेक्षा खारट होतो. शिवाय ती वाफ घरातच राहते, भिंतींचे नवे रंगकाम पोपडे धरते, आणि घरमालकीण शांतपणे एवढेच म्हणते, “कोकणात ओल धरते म्हणत होते, आता इथंच धरली.”

कायद्याचे प्रकरण शेवटी येते, वास्तविक ते सुरुवातीला यायला हवे. चुनखडीचा सांगाडा रचणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे हे २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. म्हणजे कोलितमारा प्रवेशद्वारातून जिप्सीत बसून ज्याच्या दर्शनाला लोक जातात तो पेंचचा वाघ आणि दिवाणखान्यात ठेवण्याचा विचार असलेला हा दगडासारखा प्राणी कायद्याच्या लेखी एकाच पंक्तीला बसतात, आणि तो पकडणे, विकणे, घरात बाळगणे हा गुन्हा ठरतो. १९९९ पासून व्याघ्रप्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्या पारशिवनीकरांना पहिल्या अनुसूचीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. वनरक्षकाची मोटारसायकल गल्लीत थांबली तरी समुद्रपालकाच्या घशाला कोरड पडते. सज्जन समुद्रपालक म्हणूनच कृत्रिम खडकांवर वाढणाऱ्या, अनुसूचीबाहेरच्या मऊ, सांगाडा नसलेल्या नातलगांवर समाधान मानतो. त्यांना कॅल्शियमची फारशी गरज नसते, तरीही तो दर रविवारी कॅल्शियम मोजतो, दहा लाख भागांत ४२० भरले की वहीत लिहितो आणि दिवसभर प्रसन्न राहतो.

माशांत त्याचा मान क्लाउन माशाला. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने मंडपम येथे या माशाची बंदिवासात पैदास करण्याचे तंत्र बसवल्यामुळे समुद्र न लुबाडताही तो मिळू शकतो, आणि २००३ च्या एका चित्रपटामुळे गावातली पोट्टी त्याला नावाने हाक मारतात. या माशांच्या टोळीत सर्वांत मोठी मादी कर्ती असते, ती मेली की तिचा नर स्वतःच मादी होऊन कारभार हाती घेतो, ही शास्त्रीय माहिती समुद्रपालकाने एकदा सासुरवाडीच्या मंडळींपुढे सांगितली की त्यानंतर त्या घरात मत्स्यशास्त्रावर काही काळ बंदी येते.

समुद्रपालकाचा एकमेव खरा दोष असा, की नवेगाव खैरी येथे पेंच नदीवर असलेले आणि नागपूरची तहान भागवणारे धरण त्याच्याच तालुक्यात असूनही तिथल्या ढिवरांच्या जाळ्यात येणाऱ्या माशांपैकी रोहू, कतला आणि मरळ यांपलीकडे त्याला एकही ओळखता येत नाही. त्याचा गुण मात्र या दोषाहून मोठा आहे. नदी आणि समुद्र रोज फुकटात जे करतात, घाण पचवतात, पाणी ढवळतात, ऊन झेलतात, क्षारांचा तोल राखतात, त्याचा रुपये-पैशांतला आणि युनिटांतला हिशेब तालुक्यात फक्त त्याच्याच वहीत सापडतो, आणि ती वही पाहिलेला माणूस नाल्यात कचरा टाकताना निदान एकदा थांबतो. म्हणून प्रत्येक तालुक्यात असा एक गृहस्थ अवश्य असावा. दोन असू नयेत, कारण तेवढी वीज आणि तेवढा संयम कोणत्याही तालुक्याजवळ नसतो.