दात गोरे, नस गोरीमोरी

हळदीच्या दिवशी नवरी तोंड घट्ट मिटून बसली होती. आपल्याला वाटलं, सासरी जायच्या कल्पनेनं गळा दाटून आला असेल बिचारीचा. कसचं काय! करवलीच कानाशी लागली, "कालच तिचं दातांचं सिटिंग झालंय. 48 तास हळद वर्ज्य." हळद वर्ज्य! हळदीच्या दिवशी! मामी पुढे सरसावल्या, "अगं, गालाला लावतेय मी, दाताला नाही." नवरीनं ओठ न विलगता नुसतं "अं हं" केलं. फोटोग्राफर 'स्माइल मॅडम, स्माइल' म्हणून घसा कोरडा करतोय आणि जिनं हसण्यासाठी रोख पैसे मोजले, तीच हसायला तयार नाही. आता याला काय म्हणाल?

थोडी चौकशी केली. (भोचकपणा केला म्हणा हवं तर, आपल्यात काय लपवायचं?) तर नवऱ्यानंही करून घेतलेलं. नवरीच्या धाकट्या बहिणीनं 'सोबत गेलेच होते तर' म्हणून करून घेतलेलं. वरमाईंनी 'फक्त क्लीनिंग हो' असं चारचौघींत जाहीर करून गुपचूप ब्लीचिंग उरकलेलं. आणि नवऱ्याचे काका? ज्यांनी उभी हयात मिश्रीला वाहिली, ते काका? त्यांचेही वरचे दात लख्ख! फक्त मधल्या दोन कॅप सोडून. ब्लीचिंगनं खरा दात उजळतो, कॅप होती तश्शीच राहते, हे काकांना पैसे भरल्यावर कळलं. काका हसले की पेटी उघडल्यासारखं वाटतं. कोणीतरी आता 'सा' धरेल म्हणून आपण उगाच कान टवकारतो.

आणि हा तोच महाराष्ट्र बरं का, जिथे आपल्या पणज्या दातवण लावून दात काळे करायच्या आणि त्यात शोभा मानायच्या! पुढच्या पिढ्यांनी राखुंडी, कोळसा, काळं दंतमंजन असं काळ्यानंच घासघासून पांढरं केलं. आता पांढऱ्यालाच पांढरं करणं चाललंय. पणजी आज असती तर नातसुनेचं हसू बघून म्हणाली असती, "अगंबाई, हिच्या तोंडात बटणं कोणी शिवली?"

खुर्चीत नेमकं काय होतं, ते ऐका. (आपण गेलो होतो, पण फक्त चौकशीला हं.) आधी डॉक्टर एक पट्टी काढतात. शेड गाइड. त्यावर ओळीनं 16 खोटे दात, प्रत्येकाला ए, बी, सी, डी आणि आकडा. बी वन सगळ्यांत उजळ, सी फोर सगळ्यांत काळपट. एकेक दात तुमच्या दाताशेजारी धरून बघतात, रंगाच्या दुकानात भिंतीसाठी कार्ड बघतात तसे. मग निकाल: "तुमचा ए थ्री." दहावीला सेकंड क्लास मिळाल्यावर पडला नसेल, एवढा चेहरा पडतो माणसाचा. ए थ्री! शेजारच्या कुलकर्ण्यांचा ए टू आणि आपला ए थ्री? कोणी सांगत नाही की माणसाचा दात मुळात पांढरा नसतोच. वरचं इनॅमल अर्धपारदर्शक, त्याखालचं डेंटिन पिवळसर, ते आतून डोकावतं. वय वाढतं, इनॅमल झिजतं, डेंटिन जास्त डोकावतं. निसर्गाचा सरळ हिशोब आहे. पण निसर्गाला विचारतंय कोण? बी वनच्याही पलीकडच्या खास ब्लीच शेड निघाल्यात आता, ज्या कुठल्या आईच्या पोटातून जन्मलेल्या माणसाच्या तोंडात सापडायच्या नाहीत. आणि मागणी त्यांनाच!

मग ओठ ताणून धरणारी प्लास्टिकची चौकट तोंडात बसते. हिरड्यांवर रेझिनचा लेप चढतो, कारण जेल चुकून तिथे लागलं तर हिरडी पांढरीफटक पडते आणि चरचरते. आणि मग ते जेल. हायड्रोजन पेरॉक्साइड, 35 ते 40 टक्के! पार्लरमध्ये केस रंगवताना जे वापरतात ते बहुधा 6 टक्क्यांचं. तिथलं जहाल समजलं जाणारं '40 व्हॉल्यूम' म्हणजे जेमतेम 12. त्याच्या तिप्पट तिखट माल आपण हसत हसत दातांवर थापून घेतो, तोही एकदा नाही, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन-तीन हप्ते. वर गॉगल. वर निळा दिवा. आरशात बघितलं तर आपण मंगळावर निघालोय की दाताच्या डॉक्टरकडे आलोय, कळत नाही.

आणि या सगळ्या सोहळ्यात एका बिचारीला कोणी विचारलंच नाही. दातातली नस. डॉक्टर तिला पल्प म्हणतात, आपण नस म्हणतो. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि जिवंत पेशींचा मऊ गुलाबी गर. दाताच्या मधोमध, चारी बाजूंनी टणक भिंती, वर छप्पर, खाली मुळाच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढी वाट. दहा बाय दहाच्या खोलीत निमूट संसार करणारी बाई. तिला सूज आली तरी फुगायला जागा नाही. 'दात पांढरे करा' हा सगळा गलबला रस्त्यावरचा, वरच्या इनॅमलवरचा, आपला काय संबंध, अशा समजात ती बसलेली. पण पेरॉक्साइडचा रेणू मोठा लबाड. इतका छोटा की इनॅमलमधून, मग डेंटिनच्या बारीक नळ्यांमधून सरळ आत. किती वेळात? तासांत नाही, मिनिटांत! 5 ते 15 मिनिटांत तो पल्पच्या दारात हजर. तुमचा पहिला हप्ता संपत नाही तोच पाहुणा घरात शिरलेला. बाहेर तो रंगाचे रेणू फोडत असतो, ते ठीक, त्यासाठीच तर पैसे मोजले. पण आत गेल्यावर त्याला काय ठाऊक, फोडायचं काय आणि सोडायचं काय?

नस तशी लेचीपेची नाही. कॅटलेजसारखी विकरं तिच्याकडे असतात, ती पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतात. थोडे पाहुणे आले तर चहापाणी करून वाटेला लावते ती. पण लोंढाच आला तर? तर ती ओरडते. आणि तिला ओरडण्याची एकच भाषा येते.

कळ.

ती कळ कशी, हे फक्त ऐकून सांगतोय, गैरसमज नको. रात्री साधारण साडेअकरा. माणूस आरशासमोर उभा, आपल्याच दातांवर लुब्ध. आणि अचानक खालच्या पुढच्या दातातून एक सण्णकन वीज जाते. क्षणात येते, क्षणात जाते. माणूस गाल धरतो. पुन्हा सण्ण! गार पाणी नाही, गोड नाही, आंबट नाही, नुसती हवा तोंडात घेतली तरी सण्ण. मोहरीचा झणका ज्ञानतंतूंवरच्या ज्या ग्राहीवर आदळतो, त्याच ग्राहीला पेरॉक्साइडही छेडतं, आणि या कळांमागे तेच असावं, असा अंदाज अभ्यासकांनी मांडलाय. म्हणजे झणझणीत मोहरी फेसलेलं लोणचं आपण दाताच्या आत घातलं म्हणायचं! बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत, फार तर आठवड्यात निवतं, हेही खरं. पण त्या रात्री साडेअकराला हे कोण कोणाला सांगणार?

आता खालचेच पुढचे दात का? इथे खरी मेख आहे, आणि ती ब्राझीलमध्ये उघडी पडली. तिथल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. नाहीतरी काढायचेच ठरलेले काही मोजके दात घेतले, 38 टक्क्यांचं जेल तीन वेळा 15-15 मिनिटं लावलं, दोन दिवसांनी दात काढून आत बघितलं. उपदाढा ठणठणीत. पण खालच्या पुढच्या दातांत पल्पचा वरचा बराचसा भाग मेलेला! कारण साधं आहे. हे दात चिमुकले, इनॅमल-डेंटिनची भिंत पातळ, पाहुण्याला चालावं लागणारं अंतर कमी. जेल मात्र दाढेला जेवढं, तेवढंच यांना. पैलवानाची आणि बाळाची मात्रा एकच! म्हणून लगेच कोणाचे दात मरतायत असं नाही. ठणठणीत दातांची नस सहसा सावरते, रागावून आत थोडं जादा डेंटिनही रचते. पण ज्याला तडा गेलाय, ज्याचं जुनं फिलिंग कडेनं सुटलंय, ज्याची मुळं हिरडीबाहेर आलीत, त्याच्या दातात पाहुणा जिन्यानं येत नाही, लिफ्टनं येतो.

आणि तो निळा दिवा? अहो, त्याच्यासाठी तर लोक दोन हजार जास्त देतात! जेल एवढं कडक असताना दिव्यानं रंगात काही भर पडते, हे अभ्यासांमधून काही नीट सिद्ध होत नाही. भर पडते ती उष्णतेत, दिवा दांडगा असला तर. 1965 साली झाक आणि कोहेन या दोघांनी माकडांच्या दातांना ऊब देऊन बघितलं होतं. पल्पचं तापमान 5.5 अंशांनी वाढलं तेव्हा 15 टक्के दातांतली नस सावरलीच नाही. साडेपाच अंश हो! माकडांना तर फोटोही काढायचा नव्हता.

पण आपण ऐकणार? "डॉक्टर, अजून एक राउंड मारा ना, रविवारी साखरपुडा आहे." हे वाक्य आपण स्वतःच्या कानांनी ऐकलंय. (कोण म्हणालं ते विचारू नका.) डॉक्टर नको म्हणतात, तर लोक घरी येऊन बेकिंग सोड्यावर लिंबू पिळतात. एक बाई तर दर सणाला करतात म्हणे. गणपती, दिवाळी, गुढीपाडवा, वर्षातून तीनदा. घराला रंग तरी पाच वर्षांतून एकदा देतो माणूस! युरोपात 2012 पासून नियम आहे: 6 टक्क्यांवरचं पेरॉक्साइड दातांना लावायचंच नाही, आणि 18 वर्षांखालच्यांना तर तेही नाही. इकडे? इकडे नेल आर्टच्या टेबलाशेजारीच दातांची खुर्ची मांडलेली पार्लरं आहेत. एका हाताला नेलपेंट, तोंडात जेल, असा दुहेरी लाभ.

आणि पथ्य! पांढरं खा. चहा नको, कॉफी नको, हळद नको, बीट नको. आता मराठी घरात हळदीशिवाय काय उरतं हो? दहीभात, इडली, आणि उपासाची भगर. एका कोल्हापुरी मित्रानं मात्र मार्ग काढला. दोन दिवस फक्त पांढरा रस्सा. तांबड्याकडे बघूनही न बघितल्यासारखं केलं. दोन दिवसांनी कळलं की दातांवरचा निम्मा लखलखाट जेलनं दात वाळल्यामुळे होता. दात ओले झाले, शेड एक पायरी खाली घसरली. तांबडा रस्सा फुकट गेला.

काल ऑफिसात चहाच्या वेळी एक मजा दिसली. आमच्या टेबलावर सात जण. नेहमी वाफाळता चहा बशीत ओतून भुरके मारणारी मंडळी. काल पाच कप तसेच निवत ठेवलेले. जोशीबाईंनी पर्समधून हळूच स्ट्रॉ काढला. पलीकडच्या साठ्यांच्या हातातही स्ट्रॉ. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ओठ मिटूनच हसले. आपण खिशात हात घातला. आपला स्ट्रॉ घरीच राहिला होता.