चौकशीच्या खिडकीस अनावृत पत्र

मा. वाहतूक नियंत्रक साहेब,
चौकशी खिडकी (दोनपैकी उघडी असलेली), बसस्थानक

विषय: शनिवारची साडेपाचची मुक्कामी गाडी

सा. न. वि. वि.

बसस्थानकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या स्थानकांवरचे आपले बंधू ‘आपण नाही बुवा त्यातले’ म्हणून निवांत होतील, आणि ते पुण्य मला लागू द्यायचं नाही. ज्यांना ज्यांना हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटेल, त्यांना त्यांना ते आहेच.

आधी आपल्या एका प्रश्नाचं उत्तर देतो. पाठीवर पिशव्या लटकवलेले आम्ही तिघं पहिल्यांदा खिडकीशी आलो तेव्हा आपण चष्म्यावरून बघत विचारलंत, “चालायलाच आलाय ना? मग गाडी कशाला पाहिजे?” मागच्या बाकांवरच्या लोकांना हा विनोद फार आवडला. खरं सांगतो, मलाही आवडला. पण उत्तर त्या वेळी सुचलं नाही, आता देतो.

चालायला डोंगरात जायचं असतं साहेब, आणि डोंगर आपल्या फलाट क्रमांक तीनला लागत नाही. तिथपर्यंत गाडीच लागते. स्वतःची घेऊन या, असं आपण म्हणाल. तेही करून पाहिलेली माणसं आहोत आम्ही. किल्ल्यावर जाऊन त्याच वाटेनं खाली यायचं असेल तर स्वतःची गाडी ठीक. घाटवाटेला ती गळ्यातली धोंड होते. घाटवाट एका गावातून सुटते आणि भलत्याच गावात नेऊन सोडते, त्यासाठीच तर ती पाडलेली असते. केळदहून मढेघाटानं खाली उतरलेला माणूस दुपारच्या जेवणाला महाड तालुक्यात असतो. त्याची मोटार मात्र वर केळदलाच उभी. तिच्यापाशी परत जायचं तर एकतर उतरलेला डोंगर पुन्हा चढा, नाहीतर वरंधाचा किंवा ताम्हिणीचा वळसा घाला. पायी एका सकाळचं अंतर, डांबरावरून अख्खा दिवस. म्हणून घाटवाटा करणारी माणसं अजून एसटीच्या भरवशावर निघतात. तिची फार ओढ असते म्हणून नव्हे, गरज असते म्हणून.

घाट चढून येणाऱ्याला पुढे कुठंतरी जायचं असतं, हे सातवाहनांना कळत होतं. नाणेघाटात त्यांनी गुहा खोदली, तिच्या भिंतींवर लेख कोरला. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात गोळा व्हायची असं सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी त्या वाटेवर पैसे घ्यायला का होईना, पण एक माणूस बसलेला होता आणि त्याला कोण येणार, कोण जाणार याची कल्पना होती. आपल्याकडे रांजणही नाही.

आता नियोजनाबद्दल. आम्ही नियोजन केलं होतं, हे आपल्याला गमतीचं वाटेल. निघायचं गाव एका जिल्ह्यात, उतरायचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणजे आगारं दोन, विभाग दोन, आणि न उचलले जाणारे फोनही दोन. स्थानकाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलेल्या वेळापत्रकाचा फोटो एका मित्राच्या मित्राकडून मिळवला. त्यात काही वेळांवर पांढरा रंग फासलेला, पांढऱ्यावर पुन्हा निळ्यानं नवीन वेळ, आणि आमच्या गावापुढं नेमका कुणीतरी पान खाल्लेला हात पुसलेला. शेवटी गावातल्या किराणा दुकानदाराला फोन केला. खरं वेळापत्रक त्याच्याकडेच असतं. तो म्हणाला, “साडेपाचची मुक्कामी आहे. साडेपाच म्हणजे सहा धरा. सहा म्हणजे अंधाराच्या आत पोचाल.” इतकी नेमकी माहिती एसटीबद्दल मला आजवर कुणी दिलेली नाही.

मुक्कामी गाडीसारखी सोय दुसरी नाही. संध्याकाळी गावात जाते, रात्री तिथंच थांबते, पहाटे गावाला उठवून तालुक्याला आणते. आमच्यासारख्यांना तर वरदान. रात्री पायथ्याला पोचावं, देवळात पथारी टाकावी, उजाडताच चालायला लागावं. त्या गाडीच्या भरवशावर या राज्यात डोंगर हिंडणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या.

तर आम्ही चार वाजताच येऊन बसलो. ‘रांगेचा फायदा सर्वांना’ या पाटीखाली रांग नव्हती, म्हणून फायदाही झाला नाही. साडेपाचला आपण म्हणालात, “लागेल.” सहाला म्हणालात, “वर्कशॉपला आहे, लागेल.” सव्वासहाला, “ड्रायव्हर यायचाय.” साडेसहाला आपण काहीच म्हणाला नाहीत, नुसता तळवा हलवलात. त्या तळव्याचा अर्थ आम्ही तिघांनी तीन प्रकारे लावला. मधल्या वेळात ध्वनिक्षेपकावरून दोनदा सूचना झाली, “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे.” आम्ही लक्ष दिलं. सूचना पाकीटमारांबद्दल होती.

खिडकीच्या उजव्या अंगाला ‘आवडेल तेथे प्रवास’ या पासाची जाहिरात आहे. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, असे दोन पास. आवडेल तिथं जाण्याची सवलत आपण देता, याबद्दल आभारी आहे. आम्हाला फक्त बावीस किलोमीटरवरचं एक गाव आवडलं होतं.

नावांची हौसही दांडगी आहे आपल्याकडे. शिवनेरी नावाची गाडी आहे, ती मुंबई–पुणे करते, जुन्नरकडे ढुंकूनही बघत नाही. हिरकणी नावाचीही आहे. या नावाला मात्र मी मान डोलावतो. रायगडाचे दरवाजे मावळतीला बंद झाले, खाली घरी लेकरू, आणि बाई कडा उतरून गेली, अशी तिची कथा. दिवस बुडाल्यावर ज्याला त्याला आपापल्या पायांनीच जावं लागतं, हे त्या नावातून महामंडळानं आधीच कळवून ठेवलं आहे.

पावणेसातला उत्तर मिळालं, पण ते आपल्याकडून नाही. बाहेर चहाच्या टपरीवर एक कंडक्टर बिस्कीट बुडवत होता. तो म्हणाला, “ती कशाला येतीय? गाड्या सभेला गेल्यात. यादी काल रात्रीच आली.”

काल रात्री.

कुणाच्या सभेला, ते विचारलं नाही. प्रासंगिक करारानं गाड्या जातात हे काही नवीन नाही. लग्नाला जातात, जत्रेला जातात, तसं सभेलाही जाणार. सभेला गेलेली माणसं कुठल्यातरी गावाचीच असणार, हेही कबूल. माझं भांडण गाडी गेली याच्याशी नाही. आपल्याला सकाळी कामावर येतानाच ठाऊक होतं की साडेपाचची गाडी लागणार नाही. तरी संध्याकाळभर आपण तिला वर्कशॉपला पाठवलंत, ड्रायव्हरची वाट बघायला लावलीत, आणि आम्हाला बाकावर बसवून ठेवलंत.

आमचं जाऊ दे. आम्ही हौशी. फार तर लॉजवर राहिलो असतो, सकाळी जीप केली असती, आणि परत जाऊन मित्रांना ही गोष्ट रंगवून सांगितली असती. पण त्या बाकांवर आमच्याशिवाय जी माणसं होती त्यांच्यासाठी ती गाडी गोष्ट नव्हती. शनिवारचा बाजार करून आलेल्या बाया होत्या. त्यातल्या एकीच्या पिशवीतून मिरचीची रोपं डोकावत होती, ती वाळू नयेत म्हणून ती बाई दर अर्ध्या तासानं पाण्याच्या टाकीवर जाऊन मुळांवर पाणी मारून येत होती. आणि दोन मुली होत्या, बारावीच्या. त्यांचं कॉलेज दुपारीच सुटलं होतं. एकीनं वही उघडून तिथंच लिहायला घेतलं होतं. उजेड गेला तशी ती आपल्या खिडकीच्या ट्यूबखाली सरकली. आपल्याला ती दिसली असणार साहेब, तीन फुटांवर होती.

या मुलींना सरकार पास फुकट देतं. अहिल्याबाई होळकरांच्या नावानं देतं. छान आहे. पण पास दाखवायला कंडक्टर लागतो, कंडक्टरला गाडी लागते. सातनंतर वडापवाला आला आणि तिकिटाच्या चौपट भाव सांगून जीप भरायला लागला. बाया चढल्या. मुली चढल्या नाहीत. रात्रीच्या वेळी अनोळखी पुरुषांनी भरलेल्या जीपमध्ये बसू नका, असं एकीच्या वडिलांनी फोनवर बजावलं होतं. त्या अनोळखी पुरुषांत आम्हीही आलो. आठ वाजून गेल्यावर ते वडील मोटारसायकल घेऊन आले. दप्तर टाकीवर, दोघी मागं, आणि पुढं सगळा जंगलातला रस्ता. उद्या यातल्या एकीच्या घरी कुणी म्हणालं, रोजचा हा ताप कशाला, पोरीला आता घरीच बसवू, तर त्या निर्णयाखाली सही कुणाची असेल? सभेची? यादी पाठवणाऱ्याची? की सकाळपासून ठाऊक असून खिडकीतून तळवा हलवणाऱ्याची? करोनात गाड्या बंद झाल्या, मग २०२१-२२ च्या संपात महिनोन्‌महिने बंद राहिल्या, आणि आडगावच्या कित्येक फेऱ्या त्यानंतर परत आल्याच नाहीत. त्याचा हिशेब आपल्या खिडकीत मागत नाही. पण ज्या उरल्यात, त्यांच्याबद्दल तरी खरं बोला!

आवाज चढला. बसस्थानकात बसून पत्र लिहिलं की असं होतं.

आता जे पाहिलं ते न लिहिणं लबाडीचं होईल, म्हणून लिहितो. सात वाजायच्या सुमाराला कुठूनतरी एक रिकामी गाडी आत आली. फलाटावरचे दोन्ही घोळके तिच्यावर धावले, आमचा आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या गावाचा. तेव्हा आपण पहिल्यांदा खिडकीतून बाहेर आलात. बुटका माणूस, एका पायात किंचित लंगड, हातात ती लाल रेघांची वही. ती गाडी आपण त्यांना दिलीत. त्यांचं गाव लांबचं, तिकडं जीप जात नाही, आणि त्यांच्यात ग्रामीण रुग्णालयातून परतलेली एक बाळंतीण होती. मी आपल्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. आमच्या घोळक्यानं आपल्याला ज्या शिव्या दिल्या, त्यातल्या दोन मला नवीन होत्या. आपण काही बोलला नाहीत. आत गेलात, टेबलाखालून डबा काढलात. भाकरीचा तुकडा मोडला तोच कुणीतरी काचेवर थाप मारली, डबा बंद. थोड्या वेळानं पुन्हा उघडलात, पुन्हा थाप, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा आपण उघडलाच नाहीत. टेबलावर फोन वाजत होता, तोही उचलला नाहीत. न उचलल्या जाणाऱ्या फोनच्या पलीकडे काय असतं, ते मी पहिल्यांदाच बघत होतो.

आपलं गणित माझ्या लक्षात आलं आहे. ‘फेरी रद्द’ असं फळ्यावर लेखी लिहिलं, तर उद्या कुणी फोटो काढणार, कुठंतरी छापून येणार, आणि वरून विचारणा आपल्याला होणार. तोंडी सांगितलं तर शिव्या लगेच. ‘लागेल’ म्हटलं तर शिव्या पुढं ढकलल्या जातात, तेवढ्यात पाळी संपते, आणि रात्रपाळीवाला त्या झेलतो. यादी वर बसलेल्यांनी करायची, उत्तर आपण द्यायचं. १९४८ साली १ जूनला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून शिव्या खायचं काम कायम खिडकीकडेच राहिलं असावं.

सगळं मान्य, साहेब. तरी मागणी मागे घेत नाही. आम्हाला ॲप नको, गाडी कुठवर आली ते दाखवणारा रंगीत पडदा नको. एक काळा फळा द्या आणि खडू. सकाळी पहिल्या पाळीला, ज्या गाड्या आज नाहीत त्यांची नावं त्यावर लिहायची, एवढंच. कारण लिहू नका, सभा लिहू नका, सही करू नका. बाजारच्या बाया दुपारीच जीप ठरवतील, चारजणी मिळून भावही पाडतील. मुलींचे वडील उजेडात येतील. खडूची पेटी मी पाठवतो, पोच दिली नाहीत तरी चालेल.

आम्ही त्या रात्री गावात पोचलो, देवळात झोपलो, सकाळी घाट उतरलो. वाट सुरेख आहे, कारवी दाट आहे, मध्ये एक पाण्याचं टाकं आहे, वगैरे. त्याबद्दल आपल्याला लिहायचं कारण नाही. वडापवाल्यानं मात्र आपली आठवण काढली. सभा असली की आपला धंदा बरा होतो, म्हणाला.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही हे फळ्यावर अवलंबून आहे.

आपला,
फलाट क्रमांक तीनवरील एक प्रवासी

ता. क.: रविवारी खालच्या गावातून आम्हाला परतीची गाडी मिळाली नाही. ती गाडी शाळेच्या मुलांची, आणि रविवारी शाळा नसते. पण ते गाव दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या आगाराकडे येतं. त्यांना वेगळं पत्र टाकलं आहे. आपण निवांत जेवा.