सुती साडी नदीत विरघळत का नाही?

भाची अकरावी सायन्सला गेली आणि आमच्या मोहन्यातल्या घरात पोलर-नॉनपोलरचा घोष सुरू झाला. माझं रसायनशास्त्र दहावीलाच सुखरूप संपलेलं. तरी मामा म्हटल्यावर काहीतरी सांगणं आलंच. मी शेअर रिक्षा काढली.

आंबिवली स्टेशनला रिक्षावाला आपल्या दोन्ही अंगांना एकेक जादा प्रवासी घेतो. (नियमाविषयी विचारू नये.) दोघं सारख्याच वजनाचे, त्यामुळे रिक्षा सरळ. हा कार्बन डायऑक्साइड! मध्ये कार्बन, दोन टोकांना ऑक्सिजन. दोघं इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, पण समोरासमोर, म्हणून बेरीज शून्य. नॉनपोलर. तेच दोघं एका अंगाला बसले की रिक्षा कलली. पाण्याचे दोन्ही हायड्रोजन असेच 104.5 अंशांत एका बाजूला सरकलेले. ऑक्सिजनकडे थोडा ऋण भार, हायड्रोजनकडे धन. पाणी जन्माचं कललेलं.

"म्हणजे पोलर पोलरमध्ये विरघळतं. पाण्यात साखर जाते, तेल जात नाही."

"शाब्बास!"

"कापसातलं सेल्युलोजही पोलर. मग आजीची सुती साडी उल्हास नदीत विरघळत का नाही?"

मी चहा कुठवर आला ते बघायला उठलो.

उत्तर तात्यांकडे होतं. तात्या नॅशनल रेयॉनचे, म्हणजे आमच्या एनआरसीचे, जुने कामगार. कंपनी 2009 साली बंद पडली. तात्यांची ड्यूटी अजून सुटलेली नाही.

"अगं, सेल्युलोजच्या अंगावर ओएच भरपूर. पण ते एकमेकांनाच इतके घट्ट धरून बसतात की पाण्याला शिरकाव नाही. म्हणून तर एवढी कंपनी लागली!"

लाकडाचा लगदा कॉस्टिकमध्ये भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची, तेव्हा कुठे तो पातळ कॉस्टिकमध्ये विरघळतो. तो चिकट रस बारीक भोकांतून सल्फ्युरिक आम्लात सोडला की पुन्हा सेल्युलोजच, पण आता चकचकीत धागा. आणि या पोलर बाईंना विरघळवायला मध्यस्थ कोण, तर कार्बन डायसल्फाइड: सरळ रेषेतला, पक्का नॉनपोलर, पाण्याशी जवळजवळ अबोला. भडकू इतका की वाफेच्या तापलेल्या पाइपनेही पेटेल. म्हणून त्याला ठेवायचं पाण्याखालीच. पाण्याहून जड, तळाशी बसतो. मिसळत नाही, वर येत नाही.

भाची भराभर लिहून घेत होती. मग पेन थांबलं.

"तात्याआजोबा, हे परीक्षेत येतं?"

"परीक्षेचं माहीत नाही बाळा. पगारात यायचं."