फेरपरीक्षा-माहात्म्य

नापास झालेल्या विद्यार्थ्याचे पुढे काय करावे, या प्रश्नावर निरनिराळ्या सरकारांनी आजवर निरनिराळे उपाय योजले. कोणी त्याला त्याच वर्गात पुन्हा बसविले, कोणी त्याला न विचारताच वरच्या वर्गात ढकलले, आणि आमच्या महाराष्ट्राने तर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यामागे ऑक्टोबरची वारी लावून दिली. परंतु ज्या परीक्षेत तो नापास झाला तीच परीक्षा तो अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्यापुढे मांडीत राहावी, आणि त्याने बसण्यास नकार दिल्यास त्याचे नव्हे तर त्याच्या कॉलेजाचे अनुदान कापावे, ही कल्पना सुचण्यास मात्र इंग्रज कारभाऱ्याचीच प्रतिभा लागली. लंडनच्या वेम्बलीत राहून या प्रतिभेची फळे ज्यांना प्रत्यही पाहावयास मिळतात, त्या आम्हा मराठी रहिवाशांनी तिचे गुणगान करू नये, तर कोणी करावे?

या फर्मानाची हकीकत थोडक्यात अशी. सोळाव्या वर्षी इंग्लंडातील मुले जीसीएसई नामक परीक्षा देतात. तिच्या श्रेणी एक ते नऊ असून चार ही उत्तीर्णतेची मर्यादा होय. पैकी चार म्हणजे ‘सामान्य’ उत्तीर्णता आणि पाच म्हणजे ‘भक्कम’ उत्तीर्णता, असा निर्वाळा २०१७ साली शिक्षणमंत्रीणबाईंनी दिल्यापासून ज्याला चार मिळते त्यालाही आपण उत्तीर्ण झालो की कसे, याविषयी किंचित संदेह राहतो. प्राध्यापक अ‍ॅलिसन वुल्फ यांच्या २०११ च्या अहवालात, ज्या मुलाला गणित आणि इंग्रजी येत नाही त्याने पुढेही ते शिकत राहावे, अशी शहाणपणाची सूचना होती. सरकारने ती २०१४ साली अमलात आणली; परंतु ‘शिकावे’ या क्रियापदाची तपासणी दफ्तरात करता येत नसल्याने व्यवहारात त्या जागी ‘बसावे’ हे क्रियापद आले. तीन श्रेणी मिळालेल्याने जीसीएसईलाच पुन्हा बसावे. दोन किंवा त्याहून कमी मिळालेल्यास फंक्शनल स्किल्स नावाच्या दुसऱ्या परीक्षेची मुभा आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात सतरा वर्षे व त्याहून मोठ्या वयाच्या उमेदवारांपैकी गणितात सुमारे १७ टक्के आणि इंग्रजीत सुमारे २१ टक्के चारपर्यंत पोचले. उरलेल्यांसाठी नोव्हेंबर आहे, पुढचा उन्हाळा आहे, आणि सरकारचा आशावाद आहे.

आमच्या मुलखात शेतसारा ठरविण्यापूर्वी मोजणी खात्याचा अंमलदार साखळी घेऊन येई. त्याने वर्षातून दोनदा मोजल्याने शेतात अधिक पीक येते, असे त्या खात्यानेही कधी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. येथील शिक्षणखात्याचा मात्र त्या सिद्धान्तावर भरवसा दिसतो.

वेम्बली हे नाव फेरसामन्यांसाठी एकेकाळी विख्यात होते. फुटबॉलच्या चषकाचा अंतिम सामना बरोबरीत सुटला की काही दिवसांनी तोच सामना बहुधा येथल्याच मैदानावर पुन्हा खेळला जाई. १९९३ साली आर्सेनल आणि शेफील्ड वेन्सडे यांच्यात असा अखेरचा प्रसंग घडला. पुढे अंतिम फेरीतील ही चाल बंद झाली, आणि २०२४ साली तर फुटबॉल संघटनेने पहिल्या फेरीपासूनचे सर्वच फेरसामने रद्द करून टाकले. कारण काय, तर खेळाडूंना विश्रांती मिळत नाही आणि वेळापत्रक भरगच्च होते! आठवड्याला लक्षावधी पौंड मिळविणाऱ्या धट्ट्याकट्ट्या पुरुषांना एक सामना पुन्हा खेळण्याचे कष्ट सोसवत नाहीत, हे ज्या देशाला कळले, त्याच देशात मैदानाच्या कमानीखालून कॉलेजात जाणारा, सायंकाळी दुकानात मांडण्या भरणारा सतरा वर्षांचा पोर त्याच समीकरणाशी तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा झुंजतो, आणि त्याच्या थकव्याविषयी कोणत्याही संघटनेची बैठक भरत नाही. त्यातही फुटबॉलच्या फेरसामन्याला निदान बरोबरीतून प्रारंभ होत असे.

आता गणिताच्या पेपराविषयी दोन शब्द, कारण तेथे तर्कशास्त्राचे जे सौंदर्य आहे ते वाचकांनी डोळ्यांखालून घालण्याजोगे आहे. ही परीक्षा दोन स्तरांवर होते. वरच्या स्तराचा कठीण पेपर घेणाऱ्यास एकंदर गुणांपैकी पाचव्या हिश्श्याच्या आसपास गुण मिळाले की चार श्रेणी मिळू शकते. खालच्या स्तराचा सोपा पेपर घेणाऱ्यास त्याच चारासाठी साठ टक्क्यांच्या आसपास मजल मारावी लागते. आमच्या वडिलांच्या काळी पस्तीस गुणांना पास म्हणत, तेव्हा त्या पद्धतीत काही गूढ नव्हते. येथील पद्धतीत एक विद्वान पाच प्रश्नांपैकी चार चुकवून पुढे जातो आणि दुसरा निम्म्याहून अधिक बरोबर सोडवून नोव्हेंबरात परत येतो. स्तर भिन्न असल्याने हे न्याय्यच आहे, असे परीक्षा-नियंत्रक सांगतात, आणि आकडेशास्त्राच्या दृष्टीने ते खरेही आहे. शिवाय यंदाचा निकाल गतसालाच्या निकालाशी फारसा विसंगत दिसू नये, अशी दक्षता तेथे घेतली जाते. त्यामुळे शिक्षकांनी कितीही घाम गाळला तरी सुमारे एक तृतीयांश मुले अलीकडच्या तीरावरच राहतात. मुख्याध्यापकांच्या संघटनेने २०१९ साली या मुलांना ‘विसरला गेलेला तृतीयांश’ असे नाव दिले. आम्हांस हे नाव अन्यायाचे वाटते; ज्यांची मोजणी इतक्या काटेकोरपणे दरसाल होते त्यांना सरकार विसरले, असे कसे म्हणावे?

निकालावर पैसा मोजण्याची ही विद्या नवी नाही. १८६२ साली रॉबर्ट लो यांनी सुधारित संहिता काढून वाचन, लेखन आणि अंकगणित यांत पोर नापास झाले की शाळेचे अनुदान कापण्याची वहिवाट घातली. पोरांनी मग पुस्तके इतकी मुखोद्गत केली की पुस्तक उलटे धरले तरी त्यांचे वाचन अडत नसे. हीच वहिवाट मुंबई इलाख्यातही पोचली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी, रयतेच्या सारापट्टीतून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी रोखठोक तक्रार केली होती. जोतीराव आज वेम्बलीच्या ईलिंग रोडने फिरते तर त्यांना तक्रारीचा मसुदा फारसा बदलावा लागला नसता.

कारण उपचारात्मक शिक्षण म्हणून जे काही या नगरीत मुबलक उपलब्ध आहे, ते ज्यांना उपचाराची गरज नाही त्यांच्यासाठीच आहे. सोन्याच्या पेढ्या आणि कारल्या-भेंडीची दुकाने यांच्या अधूनमधून गणिताच्या शिकवण्यांच्या पाट्या झळकतात. वेम्बली, केंटन, हॅरो येथील आमच्या मराठी घरांतून शनिवारी सकाळी जी बालके दप्तर घेऊन निघतात, त्यांच्यापैकी एकालाही चार श्रेणीची भीती नसते. आठ मिळतील असे शाळेने लेखी कळविल्यामुळे घरात जे सुतकी वातावरण पसरलेले असते, त्याच्या निवारणार्थ ती निघालेली असतात. नऊ वर्षांच्या चिरंजीवांना बार्नेटच्या ग्रामर शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी दोन वर्षे घासून काढणारे आमचे एक स्नेही, “सरकारी शाळांवर आपला संपूर्ण विश्वास आहे बरं का!” असे आम्हांस मोठ्या गांभीर्याने सांगतात. त्यांचा विश्वास खरा आहे. ताशी चाळीस पौंडांचा टेकू लावल्यावर कोणताही विश्वास उभा राहतो. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळाला १९३२ पासूनचा इतिहास आहे; तेथे गणपतीत बक्षीससमारंभ झाला की नऊ-नऊ श्रेणींची नामावळी ऐकून टाळ्या पिटण्याला आमचीही ना नाही. तीन श्रेणीचा मुलगा त्या दिवशी बहुधा सर्दीने घरी असतो.

आणि तसा मुलगा आमच्यात नाहीच, असे समजण्याचेही कारण नाही. पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे गोव्याहून वेम्बलीत आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत आणि पाचवीपासून एकदम इंग्रजीत शिकलेला पोरगा पंधराव्या वर्षी येथे उतरतो, तेव्हा त्याला इंग्रजी साहित्यातील निवेदकाचा सूर ओळखावयास सांगतात. बापाचा सूर मात्र तो अचूक ओळखतो, कारण बाप रात्रपाळी करून आलेला असतो. या पोराला हवा असतो एक धीराचा शिक्षक आणि सहा महिन्यांची सवड. त्याला मिळते आसनक्रमांकाची चिठ्ठी.

सरकारने प्रयत्न केला नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. महामारीनंतर बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी सर केव्हन कॉलिन्स यांची नेमणूक झाली. त्यांनी सुमारे १५ अब्ज पौंडांचा हिशेब मांडला, खजिन्याने १.४ अब्ज दिले, आणि जून २०२१ मध्ये सरसाहेबांनी राजीनामा दिला. खासगी शिकवणीची राष्ट्रीय योजनाही निघाली. तिचा मक्ता दुसऱ्या वर्षी मूळच्या डच असलेल्या, नोकरभरती करणाऱ्या एका कंपनीकडे गेला, वर्ष संपण्यापूर्वीच तो तिच्याकडून काढून घेण्याचे ठरले, पैसा थेट शाळांकडे वळला, त्यामुळे काही मुलांना खरोखरच शिकवणी मिळू लागली. आणि २०२४ साली योजना गुंडाळण्यात आली.

वेम्बली पार्क स्थानकाशेजारी मायकेला नावाची एक शाळा आहे. २०१४ साली निघालेल्या या शाळेत मुले वर्गांमधील मार्गिकांतून मुकाट्याने चालतात, पेन विसरले तरी शिक्षा होते, आणि मुलांच्या प्रगतीच्या सरकारी मोजमापात ती लागोपाठ देशात पहिली आली आहे. मुख्याध्यापिका कॅथरिन बिर्बलसिंग यांच्या शिस्तीवर वृत्तपत्रांतून जितके रकाने भरले तितके बहुधा त्याच परिसरात असलेल्या नॉर्थ वेस्ट लंडन कॉलेजावर कधी भरले नसतील. आम्हांस ती शिस्त सोसली नसती, हे सांगून टाकतो. तथापि तेथे अकराव्या वर्षापासून रोज शिकवितात, आणि गरीब मुलांनाही शिकविल्यास येते, एवढे तरी तिने सिद्ध केले. सोळाव्या वर्षानंतर ही किमया दोन सत्रांत करून दाखविण्याचे काम ज्या कॉलेज-शिक्षकांवर सोपविले आहे, त्यांना शाळेतील शिक्षकापेक्षा वेतन कमी मिळते. गणिताचा पदवीधर मग कोठे जाईल, हे गणित सोडविण्यास चार श्रेणीही लागत नाही.

मधल्या काळात पंतप्रधान ऋषी सुनक यांनी जानेवारी २०२३ मध्ये, सर्वांनीच अठराव्या वर्षापर्यंत गणित शिकावे, अशी घोषणा केली. शिक्षक कोठून आणावयाचे हा तपशील मागाहून यावयाचा होता, तो येण्यापूर्वी निवडणूक आली. नव्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये एकोणीस वर्षांवरील उमेदवार-कामगारांना गणित-इंग्रजीच्या दाखल्याची अट माफ होऊ शकेल असे ठरविले. अर्थात प्रौढ सुताराला जे येत नसले तरी चालते, ते सतरा वर्षांच्या सुताराला येत नसेल तर देशाचे व्यापारउदीम बुडेल. ऑक्टोबर २०२५ च्या श्वेतपत्रिकेत दुबळ्या मुलांसाठी जीसीएसईच्या अलीकडे आणखी एक पायरीवजा परीक्षा सुचविली आहे. तीत नापास होणाऱ्यासाठी त्याअलीकडची पायरी यथावकाश निघेलच.

पायरीला आमची हरकत नाही. तीवर हात धरावयास कोणी असावे, इतकीच आमची अर्जी, आणि ती सरकारपेक्षा आमच्या ज्ञातिबांधवांना अधिक आहे: या उपनगरांत निवृत्त मराठी अभियंते, संख्याशास्त्रज्ञ आणि बँकांतील हिशेबनीस कमी नाहीत, आणि त्यांची नातवंडे नऊ श्रेणीच्या खाली घसरू नयेत याची तजवीज पूर्ण झालेली आहे. त्यांनी आठवड्यातले दोन तास नजीकच्या कॉलेजातील फेरपरीक्षेच्या वर्गाला द्यावेत, आणि देणार असतील तर सप्टेंबरातच चौकशी करावी. नोव्हेंबरची नोंदणी ४ ऑक्टोबरला बंद होते.